नव्या भिंतीवरची ओळ

सलीम पेंटर जानेवारीत एका गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता धुळ्यात वारले. मी तेव्हा अमळनेरला वाचनालयात होतो. आमचं बोलणं अकरा दिवसांपासून बंद होतं.

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, लिहिलं मात्र कधीच नाही. खरं सांगायचं तर माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. भुतांची पुस्तकं आमच्याकडे कथांच्या कपाटात लावलेली आहेत आणि ती तिथेच राहावीत असं माझं मत होतं. पण एप्रिलमध्ये, भर उन्हात, तीन माणसांसमोर जे झालं ते... हे लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठून खोलीत फेऱ्या मारल्या. आता चौथ्यांदा बसलोय.

आधी सलीमभाईंबद्दल. एके काळी अमळनेरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. त्यांचं अक्षर लांबून ओळखू यायचं. शिरोरेघ उजवीकडे जाताना किंचित वर उचललेली, आणि प्रत्येक काना खाली येताना बारीक होत जाणारा. मग फ्लेक्स आले. काम गेलं, हात राहिला. ते वाचनालयात येऊन बसायला लागले आणि एक दिवस म्हणाले, "मास्तर, चित्रांचं पुस्तक काढू. चित्रं माझी, शब्द तुमचे."

चार वर्षं आम्ही रविवारी सकाळी त्या कॉमिकवर काम केलं. नाव ठेवलं 'नावांची भिंत'. गोष्ट अशी... एक शहर आहे. शहराच्या चौकात लांबच लांब भिंत, आणि तिच्यावर प्रत्येक माणसाचं नाव काळ्या रंगात लिहिलेलं. खांबावर एक भोंगा आहे. दर शनिवारी, ऐन बाजारात, भोंग्यातून एक नाव पुकारलं जातं. त्या माणसाला चौकात उभं करतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याचं नाव चुन्याने पुसतात. त्यानंतर त्याला कुणी हाक मारायची नाही, एवढीच शिक्षा. भोंग्यामागे कोण आहे ते कुणालाच ठाऊक नाही. शहराला एक प्रमुख आहे, नगरपती. त्याला टोपी आहे, खुर्ची आहे, लोक वाकून नमस्कार करतात. पण शनिवारी त्याचं काम एकच — चुन्याची बादली धरून उभं राहायचं.

बासष्ट पानं झाली तोवर सगळं छान होतं. त्रेसष्टाव्या पानावर नगरपती पहिल्यांदा जवळून दिसला, आणि त्याच्या डोळ्यांवर माझा चष्मा होता. माझंच पोक, माझेच पुढे आलेले दात.

"हा मी आहे?" मी विचारलं.

"चेहरा पाहिजे होता कुणाचातरी. तुमचा फुकट मिळाला," सलीमभाई हसत म्हणाले.

मला हसू आलं नाही. त्याचं कारण असं की, पाच वर्षांपूर्वी आमच्या समितीने वाचनालयाच्या दारावरची सलीमभाईंनी रंगवलेली पाटी काढून फ्लेक्स लावायचं ठरवलं. मी बैठकीत एक शब्द बोललो नाही. पाटी उतरवली तेव्हा शिडी मीच धरली होती. सलीमभाई रस्त्यापलीकडे चहा पीत उभे होते. त्यावर ते मला कधी काही बोलले नाहीत. आणि आता हा बादलीवाला!

"मग शेवटी याला काहीतरी करू द्या," मी म्हणालो. "बादली फेकू दे, भोंगा तोडू दे. चौकात उभा राहून बोलू दे."

"तुम्ही पुस्तकं वाचता ना, म्हणून तुम्हाला वाटतं माणसं भाषणं करतात. अरे मास्तर, त्याच्या हातात बादलीशिवाय आहे काय?"

"म्हणजे तो काहीच करत नाही."

"करतो ना."

"काय?"

"चित्र होऊ द्या. बघाल."

"मग शब्दही तुम्हीच लिहा," मी म्हणालो आणि संवादांची फाईल त्यांच्या हातात दिली. चहा त्यांनी अर्धाच घेतला. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. दोनदा फोन आला, मी उचलला नाही. ते लेकीकडे धुळ्याला गेल्याचं मला कळलं तेही पानवाल्याकडून. आणि मग तो गुरुवार.

दफनाला गेलो होतो, मागे उभा राहिलो. चाळिसावा झाल्यावर त्यांची मुलगी नाझनीन — ती धुळ्यात शिक्षिका आहे — वाचनालयात आली. चौसष्टावं, शेवटचं पान सलीमभाईंनी जाण्याआधी रेखाटलं होतं, ते तिने आणलं होतं. चौकात नगरपती बादली घेऊन उभा. शेजारी एक बाई, जिचं नाव आदल्या शनिवारी पुसलं ती. तिचा एक हात भिंतीवर, दुसरा आपल्याकडे. नगरपतीच्या तोंडातून निघालेला संवादाचा फुगा कोरा.

"काका, अब्बा म्हणाले होते, शब्द मास्तरांचेच," नाझनीन म्हणाली. "जळगावचे एक प्रकाशक छापायला तयार आहेत. आखाजीच्या आत पान पाहिजे त्यांना."

मी पान ठेवून घेतलं. अक्षय्यतृतीयेला दोन महिने होते, आणि ते दोन महिने माझी झोप उडाली. सतरा वाक्यं लिहिली, सतरा खोडली. 'मला माफ करा' लिहिलं — ते माझंच वाक्य होतं, नगरपतीचं नव्हे. सलीमभाई म्हणाले होते, तो करतो. काय करतो? ते मला त्यांना विचारायचं होतं आणि मी फोन उचलला नव्हता! चुकीचं काही लिहिलं तर मेलेल्या मित्राच्या चित्रात मी दुसऱ्यांदा माझंच भाषण कोंबणार, हे कळत होतं.

आता भिंत. हे नीट वाचा, कारण सगळं यावर आहे. वाचनालयाच्या मागच्या बाजूला इतकी वर्षं तारेचं कुंपण होतं. भिंत तिथे कधीच नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटी, म्हणजे सलीमभाई गेल्यानंतर, पाया खणला गेला. नव्या विटा आल्या, त्या मी मोजून घेतल्या. प्लास्टर झाल्यावर पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ नळी धरून पाणी मी मारलं. त्या भिंतीचा कोपरा न् कोपरा मला पाठ होता. तिच्यावर काहीही नव्हतं.

आखाजीच्या आधीच्या सोमवारी चुना मारायला भिका आबा आले. सत्तरीचे आहेत, शिंदखेड्याकडच्या खेड्यातले. त्याच दिवशी नाझनीन पहिल्या एसटीने पान न्यायला आली होती. फुगा अजून कोराच होता. अकराच्या सुमारास आम्ही दोघं मागच्या दारात उभे होतो आणि मी तिला सांगणार होतो की माझ्याने हे होत नाही, फुगा तसाच छापा.

आबांनी बादलीत कुंचला बुडवला आणि पहिला हात ओढला. मग दुसरा, तिसरा. चौथ्याला ते थांबले.

"सर, हाई भित नवी शे ना हो?"

"नवी आहे आबा. का?"

"मंग आठे काय लिखेल शे?"

चुन्याची एक गंमत आहे, ती मला सलीमभाईंनीच सांगितलेली. ओला चुना पारदर्शक असतो. जुन्या भिंतीवर पहिला हात मारला की खालची पुसलेली अक्षरं दिसतात, आणि वाळता वाळता पांढऱ्याखाली जातात. अमळनेरात हे कुणीही पाहिलेलं असतं. म्हणून आबांनाही नवल अक्षरांचं नव्हतं. नवल भिंतीचं होतं.

मी पुढे झालो. ओल्या चुन्याखाली, वीतभर उंचीची, काळी अक्षरं. शिरोरेघ उजवीकडे उचललेली. काने खाली बारीक होत गेलेले.

'डिंक मी घातलाच नाही.' मी ओळ मोठ्याने वाचली.

माझ्या पायातली चप्पल कधी निघाली कळलं नाही. नाझनीनने माझा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी तिथे निळं पडलं. "काका... काका, हे अब्बांचं अक्षर आहे," ती म्हणत होती. पण आमच्या दोघांपेक्षा मोठा धक्का आबांना बसला होता. कुंचला खाली टाकून त्यांनी चक्क हात जोडले.

"राही गया, सर! डिंक टाकाना राही गया! बायकोनी पुडी बांधी दिन्ही व्हती, ती घर राही गई. तुमले कोनी सांगं?"

"आबा, मला कुणी काही सांगितलं नाही —"

"भितवर लिखी टाकं, आनखी काय सांगतस! आते जास, लई येस. समितीले सांगू नका!" आणि सत्तरीचा माणूस सायकल काढून डिंक आणायला सुसाट निघाला.

नाझनीन आधी हसली. मग हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग एकदम ती ओरडली, "पान! काका, पान!"

मी आत धावलो. चौसष्टावं पान टेबलावर होतं. दोन महिने जे चित्र मी रोज बघत होतो ते मी आत्ता पहिल्यांदा बघितलं. त्या बाईचा आपल्याकडे वळवलेला तळहात पांढरा होता. मला वाटलं होतं, रेघा भरायच्या राहिल्यात. राहिल्या नव्हत्या — तो चुना होता! डिंक न घातलेला चुना हाताला लागतो, हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? पांढऱ्या भिंतीला पाठ टेकली की सदरा खराब होतो, तोच हा चुना. तिच्या दुसऱ्या हाताखाली भिंतीवर ज्या काळ्या रेघा होत्या त्यांना मी सावली समजलो होतो. ती तिच्या नावाची अक्षरं होती, वर येणारी.

म्हणजे नगरपतीने बादली फेकली नाही. तो दर शनिवारी मुकाट्याने ती धरून उभा राहिला, आणि दर शनिवारी त्याने चुन्यात डिंक घातला नाही. सगळी नावं खाली होती. हात लावला की निघणार होती. सगळ्यांची!

मी पेन्सिलने फुग्यात ओळ लिहून पाहिली. चार शब्द. वर, खाली, बाजूला, सारखी जागा राहिली. सलीमभाई फुगा नेहमी शब्द मोजून काढायचे.

बाहेर येईपर्यंत भिंत वाळत आली होती. एप्रिलचं ऊन, पंधरा मिनिटंही लागली नसतील. नाझनीनने त्याआधी फोटो काढला होता आणि — हे मुद्दाम सांगतो — फोटोत अक्षरं स्वच्छ दिसतात. मी तो अनेकांना दाखवला. गंमत म्हणजे कुणालाच त्यात काही विशेष वाटत नाही. "जुनी जाहिरात वर आली असेल," म्हणतात. भिंत नवी आहे म्हटलं की माझ्याकडे बघतात. कॉलेजमधल्या पदार्थविज्ञानाच्या एका मित्राने प्लास्टरमधले क्षार, ओल, सगळं समजावून सांगितलं. मी विचारलं, क्षारांना व्याकरण येतं का? तो म्हणाला, कुणीतरी आधी मेणाने लिहिलं असणार. असेल. पण कोणी? ती ओळ मला माहीत नव्हती, नाझनीनला नव्हती. गवंड्याला मी दोनदा जाऊन विचारलं. तो आता मला बघून रस्ता बदलतो.

मनाचे खेळ म्हणावं, तर ती ओळ पहिल्यांदा आबांनी पाहिली, आणि आबांना कॉमिक म्हणजे काय तेही ठाऊक नाही. आबांनी खरोखरच डिंक विसरावा, त्याच दिवशी नाझनीन तिथे असावी... यातल्या कशाचाही उलगडा मला आजवर झालेला नाही. त्या भिंतीवर नंतर मी कितीदा तरी पाणी मारून पाहिलं. काही दिसत नाही.

एक राहिलं. त्या दुपारी बसस्टँडवर नाझनीनला सोडायला गेलो तेव्हा मी तिला चष्म्याचं सांगितलं. म्हटलं, तुझ्या वडिलांनी मला दुबळा म्हणून काढलं असं मी समजलो आणि फोन उचलला नाही.

"काका," ती म्हणाली, "ती जुनी पाटी भंगारात टाका असं समितीने सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मी समोरच्या गाडीची पाटी वाचायला लागलो.

"ती संदर्भग्रंथांच्या कपाटामागे आहे. गोणपाटात गुंडाळलेली. अब्बांना पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. पेपर वाचायला मुद्दाम त्या कोपऱ्यात बसायचे ते. म्हणायचे, मास्तर बोलत नाहीत, पण बघ, ठेवलीये."

गाडी लागली. ती चढली. मी स्टँडवर उभा राहिलो ते धुळ्याची त्यानंतरची गाडीही सुटेपर्यंत.

पुस्तक छापून आलं आहे. भिंत पांढरी आहे, आबांनी दुसऱ्या थराच्या चुन्यात डिंक घातल्यामुळे आता कुणाच्या सदऱ्याला लागत नाही. जुनी पाटी मी गोणपाटातून काढली आणि त्या भिंतीवर, ओळ दिसली होती तिथेच, चार खिळ्यांवर लावली. समितीला विचारलं नाही. अजून ती कुणी काढलेली नाही.