दगडाबाईनं खरं सांगितलं

निमोण्याच्या दगडाबाईला माईक लागत नाही असं अख्खा शिरूर तालुका म्हणतो, आणि गंमत बघा, बाईचा धंदाच माईक भाड्यानं द्यायचा. नवरा गेला तेव्हा मागं राहिले दोन भोंगे, एक अँप्लिफायर आणि भावकीचे फुकटचे सल्ले. सल्ले बाईनं जागच्या जागी परत केले, भोंगे ठेवले. आज टेम्पोवर 'दगडाबाई साउंड' असं हातभर अक्षरात लिहिलंय. लग्न असो, बारसं असो, नाहीतर इलेक्शनची सभा, बाईनं एकदा सुपारी घेतली की घेतली. परत करायची नाही.

दुसरं म्हणजे, बाई खोटं बोलत नाही. सरपंचालासुद्धा तोंडावर सांगते, "आबा, आवरा आता. लोकं उठाया लागली."

तिच्या हाताखाली पप्पू. नऊ वर्षांपूर्वी दौंड स्टेशनाबाहेर एका सभेत तिचा माईक शिट्ट्या मारत होता. गर्दीतून एक हडकुळा माणूस आला, दोन बटणं फिरवली, शिट्टी बंद. बाईनं नाव विचारलं, तो आपला वायरीच गुंडाळत राहिला. "मग मी आपलं पप्पूच म्हणते," बाई म्हणाली आणि त्याला टेम्पोत घालून घरी आणला.

वर्षानं भाऊबीजेला ओवाळताना त्यानं स्वतःहून सांगितलं, की तो मल्हार. तोच, कमरेपर्यंत केसांचा रॉक गायक, मुंबईत गाणं अर्धं टाकून स्टेजवरून उतरला तो पुन्हा कुणाला दिसलाच नाही. "टाळ्या वाजल्या की जीव घाबरा व्हायचा," तो म्हणाला. "आक्का, लोकांना कळलं तर मला इथूनही जावं लागेल." बाईला सख्खा भाऊ नव्हता. तिनं ताट खाली ठेवलं. "माझ्या तोंडून खोटं निघायचं न्हाई. पन कुनी इचारलंच न्हाई, तर मी कशाला सांगू?"

आठ वर्षं कुणी विचारलं नाही. आणि गेल्या मार्चात पुण्याहून रश्मी नावाची पोरगी आली. छोटा माहितीपट करतेय, साउंडवाला आजारी पडलाय, चार दिवस माणूस आणि माईक द्या, म्हणाली. बाईनं सुपारी घेतली आणि मग विचारलं, "कशावर हाय पिक्चर?"

"मल्हारवर. तो इकडं कुठंकुठं दिसतो म्हणे."

सुपारी परत करावी तर शब्द जातो, पप्पूला पाठवावं तर भाऊ जातो. शेवटी पप्पूनंच सामानाची पेटी टेम्पोत टाकली. केस कधीच झडले होते, बाईच्या भाकरीनं पोट सुटलं होतं, नाकावर चष्मा. "चला आक्का," म्हणाला, "तुमचा शब्द हाय."

आणि मग काय विचारता! कॅमेरा बघून लोकांना असा चेव आला की सोय नाही. शिरूरच्या मार्केट यार्डात हौसराव हमालानं मल्हारला कांद्याची गोणी उचलताना पाहिलं होतं. शिक्रापूरच्या भागुबाईच्या खोलीत तो महिनाभर राहिला होता, फक्त भेंडी खात नव्हता. एका कंडक्टरनं त्याला दारात लोंबकळतो म्हणून झापलं होतं. दौंडात तर तो एकाच सकाळी तीन फलाटांवर दिसला! आणि या सगळ्यांना माईक कोण लावतंय? पप्पू. वर हौसरावची कॉलर सारखी करत म्हणतो कसा, "बोला मामा, पन खरं बोला हं." मेला! हसावं का रडावं, बाईला कळेना.

चौथ्या दिवशी निमोण्याच्या पारावर सगळं गाव जमलेलं असताना रश्मीनं कॅमेरा बाईकडंच वळवला. "दगडाबाई, तुम्ही बघितलाय का मल्हार?"

पप्पू तिच्या पदराला माईक लावत होता. त्याचा हात थांबला. पण बाईची जीभ आज वाकडी कशी वळणार? तिनं डोळे मिटले आणि भोंगा लाजेल अशा आवाजात म्हणाली,

"बघितलाय म्हंजी? ह्यो काय, मला माईक लावतोय त्यो!"

पार जो हसत सुटला! चार दिवस सगळे थापा मारत होते, आता बाईसुद्धा लायनीत आली म्हणून लोक एकमेकांना टाळ्या देऊ लागले. पारावरच्या म्हाताऱ्या पोपट आप्पांना ठसका लागला. हसून हसून रश्मीच्या हातातला कॅमेरा हलायला लागला. कुणीतरी ओरडलं, "पप्प्या, होऊ दे की मग एक गाणं!" पप्पूनं दात काढले. "आक्का, आवाज जरा कमी," म्हणत माईक नीट केला.

माहितीपट शिरूरच्या हॉलमध्ये दाखवला. साउंड अर्थातच बाईचा. तिचं वाक्य आलं तेव्हा लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. शेवटी पडद्यावर अक्षरं आली, 'ध्वनी: पप्पू', आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. पप्पू! पप्पू! टाळ्या थांबेनात. याच आवाजाला भिऊन पळालेला माणूस. बाईनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग दाराकडं. दार उघडं होतं. पप्पू मिक्सरमागं उभा राहिला, हात जोडले आणि टाळ्या थांबेस्तोवर तसाच राहिला.

हॉल रिकामा झाल्यावर तिनं विचारलं, "जातोस का काय आता?"

"कुठं? उद्या सविताच्या पोरीच्या बारशाची सुपारी घेतलीया न्हवं?"

बाईचे डोळे भरून आले. ते तिनं पदरानं खसकन पुसले आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी गरजली, "मग बघत काय बसलाय? वायरी गुंडाळ!"