दिवा मंद झाला की

सख्खा थोरला भाऊ असूनही धाकट्याला दादा फारसा कळला नाही. कळणार कसा? दादा कधी सलग अर्धा तास एका जागी बसलाच नाही.

नावा बंद होऊन ओस पडलेल्या कालव्यावर गावाचं पहिलं वीजघर उभं राहिलं, तेव्हापासून दादा तिथे कामाला होता. कालव्यात पाणवेली माजलेल्या. त्या वाहत येऊन वीजघराच्या पाणचक्राच्या तोंडावरच्या जाळीत अडकल्या की पाणी कमी पडे आणि गावभर दिवे मंद होत. त्यामुळे घरीसुद्धा दादाची नजर दिव्यावर असे. दिवा जरा पिवळा पडला, की हातातला घास टाकून, वेली ओढायचं दाताळं खांद्यावर घेऊन दादा निघालाच.

"माझ्या तोंडाकडे इतकं पाहिलं असतं, तर माझा ताप तरी कळला असता," वहिनी म्हणायची.

पुढे वीज दुरून तारांवरून येऊ लागली आणि वीजघराला कुलूप लागलं. वहिनीही वारली. दादाला कायमचं आपल्या घरी न्यावं, असं ठरवून धाकटा आला. ती भेट शेवटची ठरली, कारण पुढच्याच आठवड्यात दादा झोपेत गेला.

दोघे जेवत होते. बराच वेळ चुळबुळ करून धाकट्यानं तोंड उघडलं.

"दादा, एक बोलायचं होतं."

तेवढ्यात दिवा मंद झाला. दादा उठला आणि त्यानं दारामागचं दाताळं घेतलं. कुलपाची आठवण करून द्यायला धाकट्याची जीभ रेटेना.

"अरे, जेवून तरी जा."

"ताट झाकून ठेव. जाळी साफ करून आलोच."

"माझी बस आहे, दादा."

"मग पुढच्या खेपेला बोलू की."