आमच्या लाइनचा आयक्यू

तुम्हाला तुमचा आयक्यू किती आहे ते माहीत आहे का? मला माझा माहीत आहे. एकशे बारा! त्यातले नक्की माझे किती आणि हेमांगीचे किती, एवढंच सांगता येणार नाही.

आमच्या गाळ्यात संध्याकाळी झाडू मारला की टेबलाखालून वायरींचे रंगीत तुकडे निघतात. रोज झाडतो, रोज निघतात. त्या आयक्यूच्या परीक्षेपासून किस्स्यांचंही तसंच झालंय. जेवायला बसलं की कुणीतरी एक काढतंच.

आधी आम्ही कोण ते सांगते. वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या गाळ्यात आम्ही आठ बायका मशीनच्या आत बसणाऱ्या वायरींच्या जुड्या बांधतो. समोर लाकडी फळी, फळीवर खिळे. ड्रॉइंगप्रमाणे खिळ्यांमधून वायरी फिरवायच्या, टोकाला क्लिप दाबायची, पट्टीने बांधायचं. सगळं उभ्याने. खुर्ची एकच, लाइन लीडरची. आधीच्या लीडरबाई मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या आणि खुर्ची रिकामी झाली.

ती कुणाला मिळणार यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. कमलताई कल्याणहून येतात, बावीस वर्षं इथे आहेत, आणि आम्हा सगळ्यांना काम त्यांनीच शिकवलंय. गेल्या वर्षापासून त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. दुपारनंतर त्या एका पायावर भार देऊन उभ्या राहतात, मग दुसऱ्यावर. डॉक्टरांनी सांगितलंय, बसून काम करा, नाहीतर काम सोडा. कमलताई म्हणाल्या, "सोडून घरी काय करू? भिंतीला खिळे मारू?"

पण तेवढ्यात निनादसर आले. निनादसर म्हणजे मोठ्या साहेबांचा मुलगा. नुकताच मॅनेजमेंट शिकून आलेला. मुलगा गुणी आहे, कुणाला अरे-तुरे करत नाही. त्याने आम्हाला उभं करून सांगितलं, "ताई, यापुढे ओळखीवर नाही, क्षमतेवर निवड. सोमवारी सगळ्यांची आयक्यू टेस्ट!"

* * *

सोमवारी वंदना उपाशी आली.

वंदना डोंबिवलीची. स्वभावाने इतकी घाबरट, की शिट्टी कुकरची झाली तरी सॉरी म्हणेल. सकाळी चहाही घेतला नाही, डबाही उघडला नाही. मी म्हटलं, "अगं, उपास आहे का?"

"नाही हो सुषमाताई. टेस्ट आहे ना! मागच्या वर्षी शुगरच्या टेस्टला चहा पिऊन आलेले, तर परत पाठवलेलं मला."

हेमांगी आमच्यात सगळ्यात लहान आणि तोंडाने तिखट. ती लगेच म्हणाली, "बरोबर केलंस. पोहे खाल्ले की आयक्यू वाढलेला दिसतो!"

वंदनाने मान डोलावली. आणि टेस्ट अकरा वाजता होती हो!

* * *

आता खरी गंमत. आमच्या लाइनची एक पद्धत आहे. कुणाचा हात मोकळा झाला की तिने शेजारणीची जुडी आपल्याकडे ओढायची. आठही जुड्या एकदमच पुऱ्या व्हायला हव्यात, एकीची राहिली तर सगळ्यांची राहिली. आधीच्या लीडरबाईंच्याही आधीपासून असं चालत आलंय. मोकळा हात घेऊन उभं राहणं आमच्याकडे लाजिरवाणं.

जेवणाच्या लांब टेबलावर आम्हाला बसवलं. मध्ये वंदना, तिच्या एका बाजूला कमलताई, दुसऱ्या बाजूला मी. पेपर छान छापलेला. रिकाम्या चौकोनात कुठला आकार येईल, पुढचा आकडा कोणता, असं सगळं. सरांनी घड्याळ लावलं आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मालाचा टेम्पो घोडबंदर रोडवर अडकलेला. सर बोलत बोलत बाहेर गेले.

वंदनाने सहा प्रश्न सोडवले आणि भुकेने चक्कर येऊन टेबलावर डोकं ठेवलं.

कमलताईंनी आपला पेपर करता करता डावीकडे पाहिलं. शेजारणीचं काम तसंच पडलेलं! त्यांनी तो पेपर सरळ ओढला आणि भराभर सोडवायला घेतला. आकृत्या त्यांना दिसतातच पटापट, आयुष्य गेलंय ड्रॉइंग वाचण्यात. मीही चार प्रश्न केले त्यातले. समोरून हेमांगीचा हात मोकळा झाला, तिने माझा पेपर ओढला. वीस मिनिटांत सगळ्यांचे पेपर पूर्ण झाले. एकट्या कमलताईंचा सोडून. तो त्यांच्या कोपराखाली दबलेला, कुणाला ओढताच आला नाही.

तुम्ही म्हणाल, ही तर कॉपी! अहो, कॉपी म्हणजे दुसऱ्याचं बघून आपलं लिहिणं. आम्ही तर आपलं ठेवून दुसऱ्याचं लिहीत होतो!

* * *

बुधवारी यादी लागली. आग विझवायच्या लाल नळकांड्याशेजारी चिकटवली होती. पहिली वंदना, एकशे सत्तावीस. मग हेमांगी. तिसरी मी. शेवटी कमलताई, अठ्ठ्याहत्तर.

कमलताईंनी पिशवीतून चष्मा काढला, यादी नीट वाचली.

"अठ्ठ्याहत्तर. वजनही तेवढंच आहे माझं. चला, लक्षात ठेवायला सोपं!"

मी म्हटलं, "कमलताई, सरांना सांगून टाकूया."

"अजिबात नाही. पोरगं हौसेने करतंय. त्याला वाटेल, आपण फसवलं. आणि वंदीला बिचारीला फुकट बोलणी बसतील. काही होत नाही मला."

असं म्हणून त्या फळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. एका पायावर.

* * *

घरी गेले आणि यजमानांना सांगितलं, "माझा आयक्यू एकशे बारा."

हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "किती पैकी?"

"पैकी नसतं त्यात."

"पैकी नाही? मग तू पास झालीस का नापास, कळणार कसं?"

दहावीला मला एकोणसाठ टक्के होते, त्यात निदान पैकी होतं. आमचा मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो. तो हसला आणि मोबाइल घेऊन आत गेला, "मी पण बघतो माझा." अर्ध्या तासाने बाहेर आला आणि गुपचूप भांडी घासायला लागला.

"किती आला रे?"

"नेट गेलेलं."

तीन दिवस आमच्याकडे नेट जात होतं. बाकी सिनेमे सगळे दिसत होते!

* * *

हेमांगीचं स्थळांचं बघणं चालू होतं. तिने हौसेने आपल्या माहितीपत्रकात उंचीच्या खाली आयक्यू टाकला, एकशे एकवीस. डोंबिवलीचं एक स्थळ आलेलं, सगळं जुळत होतं. त्या मुलानेही मोबाइलवर टेस्ट दिली. त्याचा निघाला एकशे नऊ.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन. "आम्हाला मुलगी पसंत आहे हो. मुलीने दोन इंच उंच असणंही चाललं असतं. पण बारा म्हणजे जरा जास्तच होतात. कमी करून मिळेल का?"

हेमांगी म्हणाली, "मिळेल की काकू. पण लग्नानंतर पुन्हा वाढला, तर तक्रार चालणार नाही!"

ते स्थळ अजून विचार करतंय.

* * *

इकडे वंदनाला एका आठवड्यासाठी खुर्चीत बसवलं. ट्रायल म्हणून. ठीक झालं तर पक्की. खुर्चीत ती अशी बसायची, जणू खाली कुणाची तरी अंडी ठेवलीयेत.

सर येऊन विचारायचे, "वंदनाताई, ही पन्नास जुड्यांची ऑर्डर आधी घ्यायची की ती तीसची?"

वंदना उठायची. "सर, जरा विचार करून सांगते." आणि तडक बाथरूमकडे. तिच्यामागे लंगडत कमलताई. दोन मिनिटांनी वंदना बाहेर, "सर, तीसची आधी. तिच्या निळ्या वायरी आलेल्या आहेत."

दर वेळी उत्तर बरोबर! सर मोठ्या साहेबांना फोनवर सांगताना मी ऐकलं, "बाबा, शी इज ब्रिलियंट. लगेच बोलत नाही. आधी चालते, एकांतात विचार करते, मग निर्णय!"

शनिवारी दिवसभरात अकरा निर्णय झाले. कमलताई अकरा वेळा गेल्या आणि अकरा वेळा आल्या. शेवटच्या खेपेला भिंत धरून आल्या. खुर्चीत वंदना, आणि चालणं कमलताईंना! ते वंदनालाही दिसलं.

* * *

सोमवारी ती सरांपुढे उभी राहिली. हात जोडले.

"सर, मला हा आयक्यू नको. दुसऱ्या कुणालातरी द्या."

सर हसले. "वंदनाताई, आयक्यू असा देता येत नाही कुणाला."

"येतो सर! मलाच नाही का दिला?"

मग पुढचं सगळं सांगावंच लागलं. उपाशीपोटापासून पेपर ओढण्यापर्यंत. सर लाल झाले. ओरडले नाहीत, पण आवाज बदलला. "म्हणजे तुम्ही आठही जणींनी मिळून मला..." वाक्य पुरं केलं नाही. "शुक्रवारी पुन्हा टेस्ट. प्रत्येक जण वेगळी बसेल, तोंड भिंतीकडे. मी समोरून हलणार नाही. जिचे जास्त, ती लीडर. यानंतर चर्चा नाही."

* * *

गुरुवारी जेवताना आम्ही कमलताईंना घेरलं.

मी म्हटलं, "उद्या फक्त स्वतःचा पेपर. कुणाकडे बघायचं नाही."

"नाही बघत गं बायांनो."

"शपथ घ्या."

"डब्यावर हात ठेवू का?" आणि खरंच ठेवला. "उद्या माझं काम सोडून कुणाचंही काम करणार नाही. झालं?"

आम्हाला ठाऊक होतं, एकट्या बसल्या तर त्यांच्या जवळपास कुणी पोचणार नाही. शेवटी खुर्ची जिची तिला मिळणार! वंदनाने तर त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी सात जणी भिंतींना तोंड करून बसलो. कमलताईंसाठी भिंत उरली नाही, म्हणून सरांनी त्यांना आपल्याच टेबलाच्या कडेला बसवलं. घड्याळ लावलं. फोन बंद करून खणात टाकला. आणि वेळ जावा म्हणून समोर एक फळी घेतली. नव्या गिऱ्हाइकाचा नमुना होता, पाच वाजता न्यायला माणूस येणार होता. सरांनी तो स्वतः बांधायला घेतला होता, ड्रॉइंगमधलं माप मिलिमीटरपर्यंत धरून.

शेवटची वायर पोचेना. दोन बोटं कमी. सरांनी ओढली. पोचेना. पट्टी सोडली, पुन्हा बांधली, ओढली. दुसरी वायर सुटली.

मी तिरक्या मानेने पाहिलं. कमलताई पाचव्या प्रश्नावर होत्या आणि डोळा फळीवर! मी खोकले. त्यांनी मान खाली घातली, सहावा प्रश्न केला. सरांनी पुन्हा ओढली. हेमांगी खोकली. वंदना तर असं खोकली, की सरांनी विचारलं, "पाणी हवंय का?"

कमलताईंनी सातव्या प्रश्नावर पेन टेकवलं. सरांच्या हातातून क्लिप टणकन उडाली आणि कमलताईंच्या पेपरवर येऊन पडली.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, सरका जरा."

"कमलताई, तुमची टेस्ट चालू आहे."

"हो, हो. सरका." फळी त्यांनी आपल्याकडे ओढलीसुद्धा! "कागदावरची वायर सरळ असते, मशीनमधली वळणं घेते. चार बोटं सैल सोडायची हिला. ही सगळी काढावी लागणार. तुम्ही लाल धरा. घट्ट नाही हो, नुसती धरा. हां."

आम्ही सात जणी भिंतीकडे तोंड करून ऐकत होतो. वंदनाने कपाळ भिंतीला टेकवलं.

घड्याळ वाजलं तेव्हा जुडी पूर्ण झाली होती. सरांनी पेपर गोळा केले. कमलताईंचा त्यांनी पुढून-मागून पाहिला. चाळीस प्रश्न, उत्तरं सहा.

"हे काय, कमलताई?"

"राहिलं," कमलताई म्हणाल्या आणि हळूहळू उठून फळीकडे गेल्या.

पाच वाजता माणूस आला, नमुना घेऊन गेला. संध्याकाळी मी, हेमांगी आणि वंदना एका रिक्षात बसलो. वंदना मध्येच म्हणाली, "डब्यावर हात ठेवला होता ना त्यांनी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही गाळ्यात शिरलो, तेव्हा कमलताई खुर्चीत बसल्या होत्या आणि निनादसर त्यांच्या फळीपाशी उभे राहून लाल वायर लावत होते.