दोन दारांची गाडी आणि दोन फळ्या

लसूण सोलून झाला की टरफलं कितीही गोळा करा, चार दिवसांनी कुठल्यातरी कोपऱ्यातून एखादं उडून येतंच. आमच्या घरातल्या गाड्यांच्या गोष्टी तशाच आहेत. संपल्या असं वाटतं, आणि बचत गटाच्या मीटिंगला कुणीतरी म्हणतंच, “वहिनी, ती टोपीची सांगा की!” टोपीची सांगितली की फळ्यांची सांगावी लागते. बायका पदर तोंडाला लावून हसतात. 

आधी माणसं सांगते. आमचं गाव यमाईदेवीच्या औंधाच्या जवळ. इकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, तसे माझे धाकटे दीर, संजयभावजी, दिल्लीत आहेत. घरात मी, आमचे हे, सासूबाई म्हणजे आत्ती, आणि सासरे म्हणजे मामा. मामा मिलिटरीत ट्रक चालवून रिटायर झालेत.

आणि माझी ओवी, पाच वर्षांची. तिची छाती वाजते. धूर, धूळ, फोडणीचा ठसका, काहीही झालं की श्वासाची शिट्टी सुरू! मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलंय, “धुरापासून लांब ठेवा.” तेव्हापासून मी चूल बंद केली. आत्तींचं तव्यावर मिश्री भाजणं बंद केलं, त्यावरून अबोला सोसला. शेजारच्या आबांना सांगून ठेवलं, पाचट पेटवायच्या आधी मला फोन करा. आबा म्हणतात, “आवं सूनबाई, तुमची परवानगी काढूनच आता विडी बी पेटवतो!”

*

एके दिवशी दिल्लीहून भावजींचा फोन आला. ह्यांनी स्पीकरवर टाकला.

“वहिनी, लय अवघड झालंय! पंपावर कॅमेरे लावलेत. डिझेल गाडी दहा वर्षांच्या वर गेली की डिझेलच देत न्हाईत. वर गाडी उचलून थेट भंगारात!”

मी हादरलेच. “का वो भावजी? असं काय केलं गाडीनं?”

“धूर वो! हितं पोरांना श्वास घेता येईना झालाय.”

मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणालातरी पोरांच्या छातीची काळजी आहे! तेवढ्यात भावजी म्हणाले, “म्हणून मी ती गाडी गावाला पाठवून देतोय. दादाला वापरायला!”

आमचे हे बसल्या जागेवरून उठून उभेच राहिले. आनंदानं! मी म्हटलं, “आवं, जी दिल्लीत चालत न्हाई, ती हितं कशी चालंल?”

“हितला नियम येगळा हाय. आन हितली हवा मोकळी हाय की!”

ओवी विचारायला लागली, गाडी का येणार, गाडी का येणार. मामांनी तिला मांडीवर घेतलं आणि पेपरातली बातमी वाचावी तसं सांगितलं, “दिल्लीत नापास झाली. तिथं नापास झाली की गावाला पाठवत्यात.”

*

जुनी गेली म्हटल्यावर भावजींना नवी पाहिजे. पंधरा दिवसांत व्हिडिओ कॉल आला. मागं लाल भडक गाडी, पुढं भावजी, चावी बोटावर गरागरा फिरवतायत.

“आई, बघ! स्पोर्ट्स कार! शोरूमवाला म्हणाला, ह्या आवाजाचं इंजिन परत मिळायचं न्हाई. पुढचे नियम आले की सगळं बॅटरीवर जाणार. म्हणून गडबडीनं घेतली!”

आत्तींनी चष्मा लावला. मोबाईल लांब धरला, जवळ धरला. “संज्या, हिला दारं दोनच दिसत्यात. बाकीची कवा देणार हायत?”

“आगं आई, दोनच असत्यात. सीट बी दोनच.”

“मग आमी कुठं बसायचं? टपावर?”

मामांनी मिलिटरीतला प्रश्न विचारला. “जमिनीपासून उंची किती?” भावजींनी हाताची चार बोटं आडवी धरून दाखवली. मामांनी फोन आत्तींकडं दिला आणि म्हणाले, “ही गाडी न्हाई, ही घोरपड हाय.”

*

ह्याच्या पुढचं तर ऐकाच.

जुनी गाडी ट्रकवर चढवून गावाला निघाली. रोज हे फोन करून विचारायचे, “कुठंपातूर आली?” सोयरीक जमल्यासारखं चाललेलं! गाडी दारात उतरली, आत्तींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबं ठेवली. लिंबं फुटली आणि घरात टीव्हीवर बातमी. दिल्लीतला तो डिझेल न देण्याचा नियम थांबवला! तूर्तास जुन्या गाड्यांना काही करणार नाहीत!

ह्यांनी लगेच फोन लावला. भावजींनी उचलला. मागं दुकानातल्या भट्टीचा आवाज.

आत्ती फोनमध्ये ओरडल्या, “आरं, मग घे की ही माघारी!”

भावजी बारीक आवाजात म्हणाले, “आई, नवी घेतलीय न्हवं.”

“मग ती नवी माघारी दे!”

मी आशेनं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी फुटलेली लिंबं बाजूला केली आणि गाडी अंगणात घेतली. गाडीनं खाकरून जो काळा लोट सोडला, तो तारेवर वाळत घातलेल्या ओवीच्या शाळेच्या ड्रेसवरून फिरून स्वयंपाकघरात आला. त्या दिवशी ओवीला दोनदा वाफ द्यावी लागली.

*

आता टोपीची.

मी रोज एकच म्हणायचे, “गाडी अंगणात नको, रस्त्याला लावा.” हे रोज एकच म्हणायचे, “तुला गाडीचं सुखच बघवत न्हाई.” शेवटी एका रविवारी म्हणाले, “चल, पीयूसीच काढू. मशीन सांगंल ते खरं!”

आम्ही तिघं गेलो. पंपाशेजारी पत्र्याचा खोका, आत कॉम्प्युटर. त्या माणसानं एक नळी आणली आणि गाडीच्या सायलेन्सरमध्ये घातली. ओवी माझा पदर ओढायला लागली.

“मम्मी, गाडीची पण छाती वाजती? तिला वाफ देत्यात?”

“न्हाई बाळा, तिचा श्वास तपासत्यात.”

तो माणूस ह्यांना म्हणाला, “साहेब, हळू दाबा, एकदम न्हाई. मायेनं दाबलं की होती पास.” ह्यांनी मायेनं दाबलं. कागद बाहेर आला. पास! ओवीनं टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर हे कागद हातात धरून अंगणभर फिरले. “बघ! शिक्का हाय! आता बोल!”

मी तारेवरची पांढरी टोपी काढली, सायलेन्सरसमोर धरली आणि म्हटलं, “दाबा. माया नको, रोज दाबता तसं दाबा.”

ह्यांनी दाबलं. टोपीवर ताटलीएवढा काळा गोल! आणि मामा आंघोळ करून बाहेर आले.  ती मामांची टोपी होती, यात्रेसाठी नीळ घालून ठेवलेली!

मामांनी टोपी माझ्या हातातून घेतली. पुढून बघितली, मागून बघितली. झटकली, आणि सरळ डोक्यावर घालून चावडीकडं निघून गेले!

चावडीवर ज्यानं त्यानं विचारलं, “मामा, टोपीला काय झालं वो?”

मामा प्रत्येकाला सांगायचे, “सुनंनं माझी पीयूसी काढलीय. पास झालोय!”

*

यात्रेला भावजी नवी गाडी घेऊन आले. आत्तींचा हट्ट होता, गाडी यमाईच्या पायरीला लावल्याशिवाय दिल्लीत फिरवायची नाही.

गावात शिरताना शाळेपुढं गतिरोधक आहे. मागं एकदा तिथं ट्रॅक्टर पोरांच्या अंगावर येता येता राहिला, तेव्हा गावानं तो स्वतः घातलाय, शेताच्या बांधाएवढा! लाल गाडी त्यावर चढली आणि पोटावर बसली. पुढं जाईना, मागं येईना. भावजी आत, दार उघडेना, कारण बाहेर अख्खं गाव दाराला टेकून सेल्फी काढत होतं!

उसाच्या ट्रॅक्टरवाला मागून ओरडला, “साहेब, ट्रॉलीत घ्या की! घरापातूर सोडतो!”

शेवटी तालमीतल्या पोरांनी “यमाईच्या नावानं चांगभलं!” म्हणून गाडी उचलली. मामा घरी आले, जुन्या पलंगाच्या दोन फळ्या काढल्या आणि मोटारसायकलला बांधल्या. तेव्हापासून ठरूनच गेलं. पुढं मोटारसायकलवर मामा, मागं हे फळ्या सांभाळत, आणि त्यांच्या मागं ती स्पोर्ट्स कार. गतिरोधक आला की हे उतरणार, फळ्या टाकणार, मामा शिट्टी मारून हातानं खुणा करणार, “आन दे, आन दे, बास!” गाडी पार झाली की भावजी उतरून रस्त्यावर पालथे पडायचे आणि खालून टॉर्च मारून बघायचे, कुठं ओरखडा पडला का.

आत्ती म्हणाल्या, “तू जल्मलास तवा मी बी तुला येवढं उलटंपालटं करून बघितलं न्हवतं!”

आत्तींनी बॉनेटवर हळदी-कुंकवाचं बोट ओढलं, तर भावजी किंचाळले, “आई, पेंट!” औंधाला जाताना आत्ती आत बसल्या आणि पाय लांब करून म्हणाल्या, “ह्यात शेंगा फोडायला बरं हाय.” उतरताना त्यांना ह्यांनी आणि भावजींनी ओढून काढलं.

आवाज तर विचारू नका. सकाळी गाडी चालू केली की कोंबड्या पत्र्यावर आणि गाईची धार बंद!

पण मला धक्का बसला तो वेगळाच. सगळे पुढं फोटो काढत होते, तेव्हा मी मागं जाऊन सायलेन्सरपुढं रुमाल धरला. आवाज वाघाचा, आणि रुमाल पांढराच्या पांढरा!

मी तशीच रुमाल घेऊन पुढं आले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “भावजी, ही गाडी हितं ठेवा आन ती तुमची दिल्लीला माघारी न्या.”

काय हसले सगळे! हे तर डोळे पुसायला लागले. “आगं, काय बी बोलतीस!”

मी विनोद केलेला नव्हता.

*

ही शेवटची. ही मी सहसा सांगत नाही.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना स्टँडवर सोडायला ह्यांनी डिझेल गाडी चालू केली. थंड होती, म्हणून दाबत बसले. पोरं लपाछपी खेळत होती. ओवी गाडीच्या मागं लपून बसलेली. धूर आला तरी खोकली नाही, सापडेल म्हणून तोंड दाबून बसली!

मला दिसली तेव्हा तिचे खांदे वर-खाली होत होते. तोंडात औषधाचा पंप दिला, वाफ दिली. शिट्टी थांबेना. ओठांचा रंग बदलायला लागला. ह्यांनी डिझेल गाडीचंच दार उघडलं, “बस लवकर, मिरजेला!”

सासरी आल्यापासून मी मोठ्यानं कधी बोलले नव्हते. त्या दिवशी पाहुण्यांसमोर ओरडले, “त्या गाडीत माझी पोरगी मी घालणार न्हाई!”

भावजींनी लाल गाडीचं दार उघडलं. “वहिनी, या.”

मांडीवर ओवी, आणि बाजूला भावजी. पुढं मामा आणि हे, फळ्या घेऊन. शाळेपुढं फळ्या टाकल्या. पुलाजवळ टाकल्या. पुढच्या गतिरोधकाला हे उतरतायत तोवर मी ओवीच्या छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, “भावजी, शिट्टी बंद झालीय. श्वासच वाजत न्हाई.”

भावजींनी हॉर्न दाबला. मामा बाजूला झाले. फळ्या तशाच ह्यांच्या हातात. गाडी गतिरोधकावरून गेली आणि खालून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. त्याच्या पुढच्याला पण आला. त्याच्या पुढच्याला पण. भावजींनी मिरजेपर्यंत एकदाही मागं बघितलं नाही.

दवाखान्यात त्यांनीच ओवीला उचलून आत नेलं. मास्क लावला, बोटाला चिमटा लावला. मी मशीनवरच्या आकड्याकडं बघत यमाईला काय काय बोलले ते सांगत नाही. हळूहळू ओठ गुलाबी झाले. भावजी भिंतीला टेकून उभे होते. चावी हातात होती, पण फिरत नव्हती.

मग बाहेर गलका झाला. वॉचमन कुणालातरी अडवत होता, “ओ दादा, फळ्या आत नेऊ नका! फळ्या बाहेर ठेवा!” आमचे हे आणि मामा मोटारसायकलवर मागोमाग मिरजेला पोचले होते. हे दारात उभे, दोन्ही फळ्या काखेत, आणि डोळ्यांतून पाणी.

डॉक्टरांनी मास्क बाजूला केला, छाती तपासली, मशीनवरचा आकडा बघितला. ओवी त्या नळीकडं बघत होती. बसलेल्या आवाजात तिनं विचारलं, “डॉक्टर, पास का नापास?”

डॉक्टर हसले. “अजून थोडी नापास आहेस गं. परत एकदा नळी लावू.”

ओवीनं मान वळवली आणि भावजींना विचारलं,

“काका, मग आता मला कुठं पाठवणार?”