निवट्यांचं कालवण आणि माझं पत्रक

यमूमावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पेणला, रामवाडीच्या आमच्या चळवळीच्या खोलीत, पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. खालच्या दुकानात फोन आला, दुकानदारानं हाक मारून सांगितलं, आणि मी हातातली घडी पुरी करूनच उठले. आज दीड महिना झाला, तरी त्या घडीची लाज वाटते.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. रोह्याच्या खालच्या अंगाला खाडीकाठी तिचं घर, आणि रोह्याच्या बाजारात मासळीची पाटी. मे महिन्याची सुट्टी मी तिच्याकडेच काढायची. ओहोटीला ती चिखलात उतरून निवट्या धरायची. बोटाएवढी, बुळबुळीत मासळी, हातातून उडी मारून पळणारी. चुलीतली राख लावून ती चोळायचं काम माझं. मग मातीच्या तवलीत ठेचलेला लसूण, हळद, तिखट, कैरीच्या फोडी, आणि पाणी इतकं कमी की मला वाटायचं, आता करपणार. चमचा घालायला गेले की हातावर फटका. "मोडतील गो. तवली धर नि झुलव." फडक्यानं काठ धरून मी तवली पहिल्यांदा झुलवली तेव्हा नऊ वर्षांची होते. रस्सा कडेनं फिरला, एकही निवटी मोडली नाही, आणि मावशी शेजारणीला म्हणाली, ही शाळेत नापास झाली तरी उपाशी नाय मरायची. स्वयंपाकाचं वेड मला तिथं लागलं. पुढे चळवळीत आले तेव्हाही शिबिरात भाषण कुणीही करो, चूल माझ्याकडे असायची.

मग खाडीत कारखान्याचं काळं पाणी यायला लागलं. मासे उलटे तरंगू लागले. आम्ही अर्ज केले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी पत्रक काढलं. मथळा माझा: खाडीची मासळी खाऊ नका, ती विषारी आहे. रोह्याच्या बाजारात मी स्वतः वाटलं. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्या पाटीसमोर उकिडवी बसून मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पाटीवरचं ओलं फडकं नीट केलं.

"मासळी वायट लिवलंस. पानी वायट का नाय लिवलंस?"

मी तिला समजावत बसले. लोक घाबरले की सरकार हलतं, वगैरे... सरकार हललं नाही. गिऱ्हाईक हललं. बायका वाकून विचारायच्या, खाडीची का मुंबईची, आणि पुढे जायच्या. पावसाळ्याआधीच मावशीची पाटी उठली. ती एका ठेकेदाराकडे लागली, कारखान्याचं आवार झाडायला. पाणी सोडणारे तसेच राहिले, आणि खाडीवर जगणाऱ्या बाईला आम्ही कारखान्याच्या फाटकाशी नेऊन उभं केलं. आम्ही कसलं, मीच.

ती मला कधी टाकून बोलली नाही. भेटायला गेले की अंडं तळून द्यायची. निवट्यांचं नाव काढलं तर हसून म्हणायची, तूच लिवलंस ना गो. राग असता तर भांडता तरी आलं असतं. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली.

बारावं उरकल्यावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान ठेवायची आमच्यात रीत आहे. तिच्या आवडीचं काय, हे कुणी विचारलंच नाही. तिचा मुलगा, नामदेवदादा, सकाळीच चिखलात उतरून निवट्या घेऊन आला. वहिनीनं राख माझ्यापुढे सरकवली. कालवण मी केलं. पान ठेवून झालं, पोरं पंगतीला बसली, आणि वहिनी तवली हातात घेऊन माझ्याजवळ येऊन थांबली.

"वन्सं, तुमी सांगा. पोरांना वाढू काय?"

अख्ख्या बाजाराला ठणकावून सांगणारी मी खाली वाकून पोरांची पानं सारखी करायला लागले. मग वहिनीनं तवली परत चुलीवर ठेवली आणि पोरांना वरणभात वाढला.