जिना पाडला त्या दिवशीचा बस्ता

उदगीरच्या बाजारातलं आमचं कॉम्प्लेक्स दोन मजली. त्यावर आणखी तीन मजले चढवायचे ठरले, तेही एकाही दुकानाचं शटर न पाडता. ऐकून मी हसलो होतो. पेशंटचं पोट फाडायचं आणि त्यानं जेवतही राहायचं, असला हा प्रकार!

देखरेखीला इंजिनिअर बाई आल्या. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिला आठवडा त्यांनी नुसती वही भरली. दुकानोदुकानी एकच प्रश्न, "तुमच्याकडं गर्दी कधी असते?" दातांच्या डॉक्टरांकडं पेशंट असेल तर भिंतीला ड्रिल लागायचं नाही. फोटो स्टुडिओसमोर आधी ओलं गोणपाट, मग तोडफोड. बाजाराच्या दिवशी सिमेंटची गाडी फिरकायची नाही. या बाजारात माझी चाळीस वर्षं गेली, पण शेजाऱ्याचं गिऱ्हाईक केव्हा येतं हे मला त्या पोरीच्या वहीतून कळलं.

माझं दुकान वरच्या मजल्यावर, लग्नाच्या बस्त्याचं. बस्ता म्हणजे दोन्हीकडची मंडळी टेम्पो भरून येणार, नवरीच्या शालूपासून मानपानाच्या शेवटच्या टोपीपर्यंत सगळं एका बैठकीत घेणार. एक बस्ता नाराज होऊन उठला की त्यामागं अख्खं गाव जातं. बाईंनी विचारलं तेव्हा मी ऐटीत कॅलेंडरवरच्या सगळ्या लग्नतिथींना लाल गोल करून ते त्यांना दिलं. "एवढे दिवस हात लावायचा नाही. बाकी तुमचं राज्य."

केवढा शहाणा मी! तिथीला लोक मांडवात असतात, दुकानात नव्हे. बस्ता बांधायला येतात ते मोकळ्या दिवशी. पण सीझन म्हटलं की तोंडात 'यंदा तिथी दाट आहेत' एवढंच येतं, हातानंही तिथींनाच गोल केले.

अशाच एका मोकळ्या बुधवारी सकाळी त्यांनी आमचा जिना पाडला. लोखंडी जिना संध्याकाळपर्यंत बसणार होता. आणि दहा वाजता टेम्पोतून चाळीस माणसं उतरली. पुढं नवरीची आत्या.

"पायरीच मोडलीय की वो," ती ढिगाऱ्याकडं बघत म्हणाली. "शालू घ्यायच्या दिवशी असला शकुन? न्हाई बा. चला लातूरला."

माझा पारा चढला. मी बाईंवर खेकसलो. त्यांनी वहीतून माझं कॅलेंडर काढून दाखवलं. "काका, गोल तुमचेच आहेत. असू द्या. मला अर्धा तास द्या."

खालचं बियाण्याचं दुकान, मृग लांब म्हणून, रिकामंच होतं. तिथं गाद्या पडल्या, चहा आला, चहापुरती आत्याही टेकली. परांचीवर धर्माबादकडचे मजूर, बाया आणि गडी, हातोहात काँक्रीटची घमेली वर देत होते. बाईंनी तीच साखळी उलटी फिरवली. सगळ्यांनी कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, पुसले. माझा सेल्समन परांचीवरून वर चढला.

आणि शालू खाली येऊ लागले. सिमेंटनं भरलेल्या शर्टांना न टेकता, दोन उघड्या तळव्यांवर, एका हातातून दुसऱ्या हातात. वरून खालपर्यंत 'जपून' म्हणणारा एकच तेलुगू शब्द सरकत होता, "जाग्रत्ता, जाग्रत्ता." आत्या म्हणायची, "तो मोरपंखी दावा," की तो रंग तोंडोतोंडी वर जायचा, नापसंत शालू त्याच्यामागं परत चढायचा आणि मोरपंखी उतरायचा. वऱ्हाड गाद्यांवरून उठून दारात आलं. मी तर तोंड उघडं टाकून बघत राहिलो. माझ्या पगारी माणसांनी कधी इतक्या निगुतीनं कापड हाताळलं नव्हतं.

शालू पसंत पडला. त्याला कुंकू लावायला आत्यानं करंडा उघडला. मी घाईनं शालू ओढून घेतला, उलगडला, उजेडात धरला आणि बोटांचे डाग शोधू लागलो.

"काय बघायलाव?"

"काही नाही. घडी बघतोय."

"घडी लई चांगली हाय. एवढ्या हातांतून आली, कुणी मोडली न्हाई. तुमीच मोडायलाव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती करंडा घेऊन बाहेर गेली आणि साखळीतल्या शेवटच्या बाईच्या कपाळाला कुंकवाचं पहिलं बोट टेकवलं. मग माघारी येऊन शालूसाठी माझ्यापुढं हात केला. मला काही केल्या त्याची घडी घालता येईना.