जनकाबाईच्या पदराची गाठ

जवळा बाजार या गावात कॅथलिकांची घरं सगळी मिळून सात. महिन्यातून एका रविवारी फादर मोटारसायकलवर येतात आणि पत्र्याच्या खोलीत मिस्सा, म्हणजे प्रवचनासह सामुदायिक प्रार्थना, होते. जनकाबाई पुढंच बसते. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून प्रवचनातली एखादी गोष्ट मनाला लागली की ती पदराला गाठ मारते. घरी तिचा नवरा सोनाजी दोन वर्षं लकव्यानं बाजेवर आहे. त्याच्यापुढं बसून ती एकेक गाठ सोडते अन् सांगते. सोनाजीची मिस्सा ती तेवढीच.

त्या भादव्यात आभाळ भरून आलं होतं आणि तिच्या अंगणात मुगाच्या शेंगा वाळत पडल्या होत्या. भिजल्या तर कोंबच फुटायचे. नवे फादर विजयकुमार मान वर न करता कागदावरून वाचत होते. जनकाबाई बसली खोलीत, जीव तिचा शेंगांत. मिस्सा संपली तेव्हा पदर कोरा.

तसं घरी कसं जावं? वाटेत तिनं दोन गाठी मारल्या. लबाडीच्या गाठी जरा जास्तच आवळल्या गेल्या असाव्यात, सोनाजीपुढं बसल्यावर पहिली सोडता सोडवेना. मग तिनं हरवलेल्या मेंढराचं सांगितलं.

सोनाजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "हे इस्टरच्या आधीच्या उपासाच्या महिन्यातलं हाय. आजचं काय?"

जनकाबाई उठली आणि आल्या वाटेनं परत गेली. फादर गाडी सुरू करत होते.

"फादर, मी ऐकलं न्हाई. माझं माणूस उपाशी राहिलं. पुन्यांदा सांगता का?"

फादरांनी खिशातला कागद काढला, पाहिला अन् परत ठेवला. त्यातलं आपल्यालाही काही आठवत नाही, असं खाली बघत म्हणाले. मग गाडी तिथंच सोडून तिच्यामागं चालत आले.

बाजेशेजारी पोत्यावर बसून त्यांनी बहिऱ्याची गोष्ट सांगितली. प्रभूनं त्याला गर्दीतून बाजूला नेलं, मग त्याच्या कानात बोटं घातली. इथं फादर थांबले.

"आधी बाजूला नेलं, एकट्याला. सकाळी मी हे वाचलं, पण मलाच ऐकू आलं नव्हतं."

सोनाजीनं चालता हात पुढं करून जनकाबाईचा पदर ओढला. एका हातानं गाठ बसेना. फादरांनी दुसरं टोक धरलं.

गाठ सैलच बसली. जनकाबाईनं ती आवळली नाही, आणि घराच्या पत्र्यावर थेंब वाजायला लागले तरी शेंगांसाठी उठली नाही.